समिती कशी चालवावी?

उपासक व उपासिकांनो,

धम्मदीक्षा घेतली म्हणजे संघटनेची दीक्षा आपोआप मिळते, असे नाही. विहार, जयंती, वाचनालय यांसाठी आपण पुष्कळ समित्या स्थापन करतो. पहिल्या सभेस जागा पुरत नाही. तिसऱ्या सभेस अध्यक्ष, चिटणीस आणि सतरंजी एवढेच उरते.

मीही अशाच एका समितीचा सभासद होतो. वर्गणी जमली, कार्यक्रम थाटाने पार पडला. परंतु हिशेब कोणी ठेवावयाचा हे ठरलेच नव्हते. कोणी एक पैसाही खाल्ला नव्हता, तरी नुसत्या संशयाने वस्तीत दोन तट पडले. चोरी नसता चोरीचे सारे दुष्परिणाम आम्ही भोगले.

यावरील उपाय परक्याकडून उसना आणण्याचे कारण नाही. दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षुसंघाच्या सभापद्धतीचे स्मरण करून दिले होते. आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या व मतमोजणी यांचे नियम संघास ठाऊक होते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वैशालीच्या संगीतीची हकीकत आहे. दहा बाबींवर वाद माजला. भाषणांना अंत राहिला नाही व कोणाच्याही बोलण्याचा अर्थ लागेना. तेव्हा पूर्वेकडील ४ व पश्चिमेकडील ४ अशा ८ भिक्षूंची समिती संघाने ठराव करून नेमली. अजित नावाच्या तरुण भिक्षूकडे आसनांची व्यवस्था सोपविली. समितीने प्रत्येक प्रश्नाचा निर्णय केला; तरीही हेच प्रश्न आपणांस संघासमक्ष पुन्हा विचारावेत, असे वयोवृद्ध सब्बकामी स्थविरांनी रेवत स्थविरांस सांगितले.

यात तीन धडे आहेत. समिती लहान असावी व तीत दोन्ही पक्षांची माणसे असावीत. प्रत्येक काम नाव घेऊन एकास सोपवावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे. आणि समितीने शेवटी सर्व सभासदांपुढे उभे राहून जाब द्यावा.

संघाचा भांडारी कसा असावा, हेही विनयाने सांगितले आहे. तो छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी जाणारा नसावा. आणि काय राखले, काय राखले नाही, हे त्यास ठाऊक असावे. आपला खजिनदार निवडताना आपण हीच कसोटी लावतो काय? की ज्याचा आवाज मोठा, त्याच्याच हाती पेटी देतो?

म्हणून प्रत्येक सभेचा वृत्तांत त्याच दिवशी लिहा. जमाखर्च दरमहा विहाराच्या भिंतीवर लावा. भगिनींना केवळ स्वयंपाकापुरते बोलावू नका. चिटणीसपद व खजिनदारपद त्यांनाही द्या. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि विश्वस्त बदलले, तर महाराष्ट्रात ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास बदल अहवाल द्यावा लागतो. हे काम एका जबाबदार सभासदाकडे सोपवा.

आपल्या वाडवडिलांना गावाच्या सभेत बसावयास जागा नव्हती. त्यांनी बाहेर उभे राहून दुसऱ्यांचे निर्णय ऐकावे, एवढाच त्यांचा अधिकार होता. आज सभा आपली आहे, मत आपले आहे. तेथे एकाने आज्ञा करावी व इतरांनी माना डोलवाव्या, असे झाले तर आपण काय बदलले? पुढच्या सभेस वेळेवर या, प्रश्न विचारा आणि एक काम अंगावर घ्या.

जयभीम!