कवटी बाईची की बाप्याची?

(मंडळाच्या वाचनकट्ट्यावर केलेलं भाषण)



ऐन दिवाळीत कवट्यांच्या गप्पा कशाला, असं मघाशी एका काकूंनी विचारलंच! पण ह्या कवट्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या आहेत, त्यांचं सुतक केव्हाच फिटलं.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या गुहांत 'पॅरान्थ्रोपस रोबस्टस'चे अवशेष सापडतात. हा आपला पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला. दणकट जबड्याचा, भल्यामोठ्या दाढांचा. स्वार्टक्रान्स गुहेतल्या त्याच्या कवट्या मोठ्या. पण १९९४ साली काही किलोमीटरवरच्या ड्रिमोलेनला आन्द्रे कायझर यांना एक लहानखुरी कवटी मिळाली. गोरिलाच्या नराच्या माथ्यावर हाडाचा उंचवटा असतो, तसा हिला नव्हता. झालं! मोठी ती नराची, लहान ती मादीची. हिचं नावही ठेवलं युरिडिसी.

ह्याच हिशेबावर पुढे संसारचित्रंही रंगवली गेली. चार्ल्स लॉकवुड आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलं की नर वयात आल्यावरही वाढत राहत, एकेकटे भटकत आणि म्हणून श्वापदांच्या तावडीत जास्त सापडत. चित्र सुरेख आहे, पण नर कोण हे ठरवलं होतं मुख्यतः आकारावरूनच. मला तिथेच खटकतं. आपल्या मंडळातसुद्धा नवऱ्यापेक्षा उंच बायका काय कमी आहेत?

जून २०१८मध्ये, नेमकी 'फादर्स डे'ला, ड्रिमोलेनमध्येच एका नराची कवटी सापडली. तुकडे जुळवल्यावर दिसलं, की ती युरिडिसीपेक्षा मोठी, पण स्वार्टक्रान्सच्या नरांहून लहान. म्हणजे दोन गुहांमधला सगळा फरक काही बाई-बाप्याचा नव्हता! २०२० साली संशोधकांनी लिहिलं, की तो काळाचा फरक असावा. स्वार्टक्रान्सचे नमुने सुमारे २ लाख वर्षं नंतरचे. मधल्या काळात हवा कोरडी झाली, खाणं चिवट झालं, तसे जबडे बदलले.

आणि २०२५ साली तर दातच बोलले. इतका जुना डीएनए तिथल्या उष्ण हवेत टिकत नाही, पण दाताच्या इनॅमलमधली प्रथिनं टिकतात. त्यातल्या अमेलोजेनिनचं एक रूप वाय गुणसूत्रावरून येतं, म्हणजे फक्त नरात. स्वार्टक्रान्सचे चार दात तपासले: दोन नरांचे, दोन माद्यांचे. गंमत म्हणजे आकारावरून मादीचा मानलेला एक दात नराचा निघाला!

मादी ठरवणं मात्र अवघड. वायचं रूप सापडलं तर नर नक्की; नाही सापडलं, तर ते मुळात नव्हतं की एवढ्या काळात नष्ट झालं, हा प्रश्न उरतोच. म्हणून किती प्रथिन शिल्लक आहे तेही मोजावं लागतं.

आता प्रश्न विचारा. चहा येईपर्यंत मी आहेच.