छातींतला भाता
(गांवच्या मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



लोहारदादांचा भाता आपण सर्वांनीं पाहिला आहे. तो फुगला कीं आंतला पडदा उघडतो व वारा आंत येतो. दाबला कीं पडदा मिटतो व वारा नळीवाटे भट्टींत जातो. पडदा नसता तर वारा आल्या वाटेनेंच परत गेला असता. आपलें हृदय हाही असाच एक भाता आहे. त्यांत वाऱ्याऐवजीं रक्त असतें, एवढाच फरक.

तें आपल्या मुठीएवढें असून त्याचे चार खण आहेत. वरचे दोन रक्त घेणारे, खालचे दोन रक्त ढकलणारे. अंगभर फिरून आलेलें रक्त उजव्या बाजूस येतें व तेथून फुफ्फुसांत जातें. तेथें ताजी हवा घेऊन तें डाव्या बाजूस उतरतें आणि तेथून डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत पोंचतें. रक्त मागें फिरूं नये म्हणून वाटेंत चार पडदे आहेत. छातीला कान लावल्यावर जो ठोका ऐकूं येतो, तो हे पडदे मिटल्याचा आवाज. एका ठोक्याला सुमारें 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतें. मिनिटाला 72 ठोके धरले तर पांच लिटर झालें, आणि दिवसाचे ठोके एक लाखाच्या वर गेले!

आतां प्रश्न असा कीं, या भात्याची दोरी ओढतो कोण? आपण झोंपतों, तरी तो चालतोच. बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढलें तरी कांहीं वेळ धडधडत राहतें. तेव्हां दोरी बाहेर कोठें नाहीं, ती हृदयांतच आहे. वरच्या उजव्या खणाच्या भिंतींत एक लहानशी गांठ आहे. ती 1907 सालीं कीथ व फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनीं दाखवून दिली. रक्तांत मिठासारखे क्षार असतात. त्यांचे सूक्ष्म कण या गांठीच्या पेशींत आंतबाहेर करतात आणि त्यांतून अगदीं अल्प वीज उपजते. विसांवा घेतांना मिनिटाला 60 ते 100 वेळां ही गांठ इशारा देते. मज्जातंतू तिला घाई करावयास किंवा दमानें घ्यावयास लावतात. पण काम तिचें तीच करते.

इशारा आधीं वरच्या खणांत पसरतो व ते आंवळतात. मग मधल्या दुसऱ्या गांठीपाशीं तो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा थांबतो. कां? वाफा भरल्याशिवाय शहाणा माणूस दारें मोडीत नाहीं, म्हणून! तेवढ्यांत खालचे खण पुरते भरतात. मग इशारा बारीक तंतूंवाटे खालीं धांवतो, आणि पिशवी बुडापासून पिळावी तसे ते खण रक्त वर ढकलतात. दवाखान्यांत छातीला तारा लावून जी पट्टी काढतात, ती याच विजेची नोंद होय. त्या नोंदीवरील संशोधनाबद्दल आइंटहोवेन यांस 1924 चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हें सारें सांगण्याचें कारण ऐका. एखादा धट्टाकट्टा गडी बांधावर एकाएकीं कोसळतो. हांक मारावी तर ओ नाहीं, श्वास नाहीं, किंवा मधूनच एखादी आचका दिल्यासारखी धाप. अशा वेळीं पुष्कळदां ती वीज बेशिस्त झालेली असते. हृदय पिळण्याऐवजीं नुसतें थरथरतें, आणि रक्त जागींच थांबतें. चार-पांच मिनिटांत मेंदूस इजा होऊं लागते. आपण मात्र कांदा हुंगवतों, तोंडांत पाणी ओततों, अंगारा आणावयास पोर धाडतों. पाण्यानें तो गुदमरेल. अंगारा येईपर्यंत वेळ निघून जाईल.

मग करावें काय? बाहेरून भाता हाणावा! एकानें 108 ला फोन करावा. दुसऱ्यानें त्यास कठीण जमिनीवर उताणें निजवावें, छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवावा, कोपर ताठ ठेवून छाती दोन इंच खालीं दाबावी व पुरती वर येऊं द्यावी. मिनिटाला 100 ते 120 वेळां. दमल्यावर दुसऱ्यानें हात बदलावा. गाडी येईपर्यंत थांबूं नये. बाई असली तर संकोच करूं नये, आणि कोणाची जात तर मुळींच पुसूं नये. गाडींतील यंत्र विजेचा एक झटका देऊन थरथर थांबवतें, म्हणजे मूळ गांठीला पुन्हां आपला इशारा देतां येतो.

ही रीत 1960 सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील तिघांनीं जगापुढें मांडली. त्यांपैकीं कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनियर होते. सांगावयाचें इतकेंच कीं, यंत्र ज्यास कळलें त्याचे हात उपयोगी पडतात. घण मारणारे, नांगर धरणारे, जात्यावर दळणारे हात आपल्यापाशीं आहेत. प्रत्येक जीव वांचेलच असें मी म्हणत नाहीं. पण हात बांधून उभें राहिलें तर तो जाणार हें बहुतेक ठरलेलेंच.

आज घरीं गेल्यावर पोराबाळांना जवळ बसवा, त्यांचा कान आपल्या छातीला लावूं द्या, आणि हा भाता कसा चालतो तें त्यांना समजावून सांगा.