कळ उठण्याआधी



परिचारिकांच्या या सभेच्या अध्यक्षपदाचा मान तुम्ही दिलात, त्याचा उपयोग मी एक मागणी मांडण्यासाठी करणार आहे. रुग्ण दाखल होताना आपण त्याचे तापमान, नाडी, रक्तदाब लिहितो. त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी याव्यात: हा माणूस बरा असतो तेव्हा कसा असतो, आणि या खेपेला आपले कशामुळे बिघडले असे त्याला स्वतःला वाटते. ही विचारपूस पुष्कळ सिस्टर आजही आपणहून करतात, पण ती बोलण्यातच विरून जाते. ती लिहिली जावी आणि आपले काम म्हणून मोजली जावी. या आग्रहाला एक आधार परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक बेटी न्यूमन यांच्या सिद्धान्ताचा आहे. त्याहून भक्कम आधार पांढुर्णा-सौंसर भागात आपल्यासमोर रोज येणाऱ्या आजारांचा आहे.

न्यूमन यांचा जन्म 1924 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. मूत्रपिंडाच्या आजाराने वडिलांच्या दवाखान्याच्या खेपा वर्षानुवर्षे चालल्या आणि त्या अकरा वर्षांच्या असताना वडील गेले. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवताना 1970 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक मांडणी तयार केली आणि 1972 मध्ये ती प्रसिद्ध झाली. या मांडणीत मधोमध माणसाचा गाभा, म्हणजे त्याची आनुवंशिक घडण आणि अवयवांचे बळ. त्याभोवती प्रतिकाराच्या रेषा, त्यांच्याबाहेर नेहमीच्या प्रकृतीची रेषा, आणि सर्वांत बाहेर एक लवचिक रेषा. झोप, अन्नपाणी, घरचा आधार जसा असेल तशी ही बाहेरची रेषा रोज रुंदावते किंवा आक्रसते. ताण शरीरातून उठतो, माणसामाणसांतल्या संबंधांतून येतो, तसाच बाहेरच्या परिस्थितीतूनही येतो. तो पोचण्याआधी सावरणे, पोचल्यावर उपचार करणे आणि नंतर पुन्हा घडी बसवणे, या तिन्ही ठिकाणी त्यांनी परिचारिकेला उभे केले. ताण सर्वांना सारखा बाधत नाही, हे आपल्याकडच्या संत्रा बागायतदाराला शिकवावे लागत नाही. बहार धरण्यासाठी तो पाणी तोडून बागेला ताण देतो, पण आधी जमीन हलकी की भारी आणि झाडात जोर किती, हे पाहून घेतो. तेवढ्याच ताणाने एक बाग फुलते आणि दुसरीत सल, म्हणजे वाळक्या फांद्या, वाढते.

या मांडणीची खरी कसोटी आपल्याकडे सिकलसेलमध्ये लागते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये या आजाराचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. मध्य भारतात तो आदिवासी आणि अनुसूचित जातींतल्या अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दोष जनुकात, म्हणजे थेट गाभ्यात, आणि जन्मभराचा. तरीही तोच रुग्ण महिनोन्‌महिने शाळेत, शेतात जातो आणि एखाद्या रात्री हाडे फुटावीत अशा कळांनी तळमळतो. जनुक तर तेच होते, मग बदलले काय? वैद्यकशास्त्र सांगते की अंगातले पाणी कमी होणे, थंडी, संसर्ग आणि अतिश्रम यांनी अशी कळ उठू शकते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. आता ही कारणे आपल्या शिवारात शोधा. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागते. पऱ्हाटीवर दव असतानाच बाई ओळीत शिरते आणि गुडघ्यापर्यंत ओली होते. उन्हाळ्यात मजुरीला जाणारी बाई पाणी बेतानेच पिते, कारण लघवीला जायला बांधावर आडोसा नसतो. लेकराला ताप आला तरी दवाखाना उद्यावर ढकलला जातो, कारण आजची मजुरी बुडते. दवाखान्यात सलाईन लागते, वेदनाशामक दिले जाते, पुढे हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्याही सुरू होतात, आणि हे सारे आवश्यकच आहे. पण ते दव, तो आडोसा, ती मजुरी कागदावर कुठेच येत नाही. पेशंट बरा करून आपण त्याच ओळीत परत पाठवतो.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यात, मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाली. 2047 हे उद्दिष्टाचे वर्ष आहे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प आहे. मी या मोहिमेचे मनापासून स्वागत करते. लग्नाआधीच्या तपासणीने आणि सल्ल्याने पुढची पिढी वाचेल. आज ज्याच्या हाती रोगाचे कार्ड आले आहे, त्याचा आधार मात्र त्याची बाहेरची रेषा कोण राखतो यावर आहे.

यावर पहिला आक्षेप आपल्यातूनच येईल. एका पाळीत एका सिस्टरकडे किती खाटा, आणि त्यात हे नवे लिखाण कुठे बसवायचे? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ही नोंद वेगळ्या रजिस्टरात नको. आजचे जे लिखाण दोन-तीन ठिकाणी तेच ते होते, त्यातले काही कमी करून तिला जागा द्यावी. दुसरे कोणी विचारेल की कारण लिहून आडोसा बांधला जाणार आहे का. एका कागदाने नाही बांधला जाणार. पण एकाच गावच्या रुग्णांच्या कागदांवर तेच कारण पुन्हा पुन्हा आले, की ग्रामपंचायतीपुढे ठेवायला पुरावा तयार होतो. आज तो पुरावा आपल्याकडे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी गोटमारीची दगडफेक होते, तेव्हा फुटलेली डोकी शिवायला आपली माणसे सज्ज असतात. ते काम मोलाचे आहे, पण ती उपचाराची पायरी झाली. त्याआधीच्या पायरीवर आपण कधी बोलणार?

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आपल्या पुस्तकाच्या 1989 च्या आवृत्तीत न्यूमन यांनी माणसाच्या अंगांत श्रद्धेचीही भर घातली. आपल्याकडे जामसावळीच्या हनुमान मंदिरात मानसिक आजाराचे रुग्ण घेऊन कुटुंबे येतात. श्रद्धेची नोंद करणे म्हणजे अंधश्रद्धेला कागदी मान्यता देणे नव्हे काय, असे विचारले जाईल. मला तसे वाटत नाही. घरच्यांची देवावर श्रद्धा आहे हे ठाऊक असलेली परिचारिका गोळी सुरू ठेवूनच दर्शनाला जा, असे सांगू शकते. दरडावलेले कुटुंब दर्शन लपवते आणि गोळीही सोडते. दर्शनाने आजार बरा होतो असे मात्र तिने कदापि म्हणू नये.

सिद्धान्तावरही टीका झाली आहे. त्यातले शब्द फार रुंद आहेत, एक रेषा कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते मोजता येत नाही, असे टीकाकार म्हणतात. ही टीका मला मान्य आहे. या रेषा म्हणजे शरीररचना नाही आणि त्यांच्यावरून औषधाची मात्राही ठरत नाही. पण न्यूमन यांचा एक आग्रह या टीकेतूनही शाबूत राहतो: ताण कोणता, हे रुग्णाच्या आणि परिचारिकेच्या अशा दोन्ही नजरांनी पाहावे आणि त्यांत फरक पडला तर तो उघड मांडावा. आपण लिहितो "औषध अनियमित". रुग्ण सांगतो, गोळ्या तिसऱ्या आठवड्यात संपल्या आणि बसभाड्याला पैसे नव्हते. उपाय कोणत्या वाक्यातून निघतो, हे तुम्हाला सांगायला नको.

पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, पण पांढुर्ण्याहून काय आणि सौंसरहून काय, गंभीर रुग्णाची गाडी अजूनही बहुधा राज्याची सीमा ओलांडून नागपूरला जाते. तिथल्या वॉर्डातल्या सिस्टरच्या हाती हिमोग्लोबिनचा आकडा पडतो. घरी कोण आहे, काम कोणते, कळ कशानंतर उठली, हे ज्या परिचारिकेला माहीत आहे ती मागे राहिलेली असते. नव्या जिल्ह्याची रेफर चिठ्ठी छापताना सुरुवातीच्या दोन्ही गोष्टींसाठी तिच्यावर दोन ओळी राखाव्यात आणि खाली परिचारिकेच्या सहीची जागा असावी, असा ठराव मी या सभेपुढे मांडते.