राज्यशास्त्राचा उंबरठा
(आपटा, ता. पनवेल येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पाताळगंगेकाठच्या या आपट्याहून रेल्वेने पनवेल गाठता येते. विद्यापीठातील राज्यशास्त्राचा वर्ग मात्र येथील श्रमिकाच्या मुलांना फार दूर आहे.

जानेवारी १९८४ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात, जासई परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभे राहिले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. राज्यसंस्था कोणाची, हे त्या घरांना पुस्तकाआधीच कळले. उणीव होती ती कायद्याच्या आणि अर्थसंकल्पाच्या भाषेची.

ही भाषा पूर्वतयारीने येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. विद्यार्थी अवघे १५ होते. बाबासाहेबांच्या निधनानंतर, मार्च १९५७ मध्ये ती बंद पडली. पुढे १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढून पदवीची वाट मोकळी केली.

अशा सवलतीने पदवीचा दर्जा उतरतो, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ज्याच्या घरी ग्रंथ आणि वर्तमानपत्रे नांदतात, त्याची पूर्वतयारी अठरा वर्षे घरीच चाललेली असते. वीटभट्टीवरील मजुराच्या मुलीला त्यासाठी एक वर्ष मिळावे, एवढेच मागणे आहे. परीक्षा दोघांना एकच राहील.

म्हणून पूर्वतयारीचे वर्ष विनाशुल्क, मराठीतून आणि तालुक्याच्या गावी मिळावे, ही मागणी प्रत्येक शाखेने लावून धरावी.