जात्यावरची ओवी आणि सातवीचा वर्ग



सहावी ते आठवी या इयत्तांच्या वर्गात एक अडचण अशी असते की, जिची वाच्यता सहसा होत नाही. पहिलीतील मुलास वाचता येत नसेल तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्याला अक्षरे शिकविणे हेच शिक्षकाचे काम मानलेले आहे. पण सातवीतील बारा-तेरा वर्षांचा मुलगा अडखळू लागला की वर्ग हसतो, मुलगा मान खाली घालतो आणि शिक्षक पुढच्या मुलाला उभे करतो. एवढ्यावर तो विषय संपतो. मुलगा फळ्यावरचे उतरवून घेतो, शेजाऱ्याच्या वहीवरून उत्तरे पुरी करतो आणि आठवीत जातो. त्याची वही भरलेली असते, हजेरीही पुरी असते. कागदोपत्री तो साक्षरच असतो.

हा प्रश्न केवळ एखाद-दुसऱ्या शाळेचा नव्हे. देशातील २६ राज्यांच्या २८ जिल्ह्यांतील ग्रामीण भागात २०२३ साली झालेल्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वयोगटाची माहिती घेण्यात आली. त्या वयाच्या सुमारे २५ टक्के मुलामुलींना आपल्याच प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. त्याच पाहणीत असेही आढळले की, जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि तो वापरताही येतो. ही दोन विधाने शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. यंत्र हाती आले आहे, वाचन मात्र आलेले नाही. तेव्हा शाळेत आणखी यंत्रे आणून ठेवली म्हणजे वाचन आपोआप येईल, ही समजूत सोडून दिलेली बरी. यंत्राला वर्गात काही नेमके काम नेमून द्यावे लागेल, आणि ते काम भाषेचे असावे लागेल.

असे एक काम महाराष्ट्राच्या घराघरांत वाट पाहत आहे. ते म्हणजे जात्यावरच्या ओव्या.

घरची विद्या

पहाटे जाते ओढताना बायकांनी ओव्या गाव्यात, ही चाल शतकानुशतके चालत आली. पिठाची गिरणी आली, बायकांच्या हातांना विश्रांती मिळाली, हे योग्यच झाले. मात्र जाते थांबले तशी ओवीही थांबली. ज्यांनी स्वतः दळले आणि गायिले अशा स्त्रिया आज बहुतेक ठिकाणी आजी-पणजीच्या वयाच्या आहेत. त्यांतील कितीतरी जणींनी शाळेची पायरी चढलेली नाही. शाळेच्या माहितीपत्रकात त्यांच्या नावापुढे ‘निरक्षर’ असा शब्द पडतो, आणि शेकडो ओव्या पाठ असलेल्या त्या बाईच्या घराविषयी ‘शैक्षणिक वातावरण नाही’ असा शेरा मारला जातो. या शेऱ्याचा फेरविचार होणे अगत्याचे आहे.

लिहिता न येणाऱ्या स्त्रीची कविता लिहिणाऱ्याच्या हातून कशी वाचते, याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे. १८८० साली आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत. ती कागदावर आली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यासारख्या घरच्यांनी ऐकून टिपून घेतली म्हणून. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. घरात लिहिणारे कोणी नसते तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

ओव्या गोळा करण्याचे कामही नवे नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालविले, आणि पुढे स्त्रियांच्या ओव्यांचा ‘स्त्री जीवन’ हा संग्रहही सिद्ध केला. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली शासनाच्या लोकसाहित्य समितीने खेडोपाडीचे हे धन ग्रंथरूपात आणले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्यांतील अनेक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या असून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहालयाने २०१७ पासून इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. एवढा मोठा संग्रह असतानाही प्रत्येक गावात काही ना काही शिल्लक राहिलेच असेल. आणि संग्रहात असलेली ओवी आपल्याच आजीच्या तोंडून ऐकणे ही मुलाच्या दृष्टीने निराळीच गोष्ट होय.

ऐकलेले कागदावर

वाचनात मागे पडलेल्या मोठ्या मुलाला पहिलीचे पुस्तक दिले तर तो अपमान समजतो. ओवीची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक ओव्या दोन ओळींच्या, शेवटी यमक जुळणाऱ्या. मुलाने ती कानांनी ऐकलेली असते, त्यामुळे डोळा अडला तरी लय त्याला पुढच्या शब्दापाशी नेऊन सोडते. दहा वेळा वाचली तरी कंटाळा येत नाही, कारण गाणे पुन्हा पुन्हाच म्हणावयाचे असते. शिवाय ही ओवी लहान मुलांची नव्हे. तिच्यात माहेर आहे, पाऊस आहे, कर्ज आहे, विठ्ठल आहे. तेरा वर्षांच्या मुलाला ती आपल्या वयाला शोभणारी वाटते.

काम असे चालावे. चार-पाच मुलांचा एक गट, आणि त्यांना एक फोन. गटाने वस्तीतील एका वृद्ध स्त्रीकडे, शक्यतो गटातल्याच कोणाच्या घरी, आधी विचारून जावे. ध्वनिमुद्रण दहा मिनिटांहून अधिक नसावे. त्याहून जास्त ऐकून लिहिणे मुलांच्याने होत नाही आणि काम अर्धवट पडते. दुसऱ्या दिवशी वर्गात ध्वनिमुद्रण लावून ओवी ओळीओळीने थांबवीत वहीत उतरवावयाची. येथेच खरा पाठ सुरू होतो. एकाने ‘होतं’ लिहिले, दुसऱ्याने ‘व्हतं’ लिहिले. बाई काय म्हणाल्या? पुन्हा ऐका. वाचनात अडखळणाऱ्या मुलाचा कान पुष्कळदा सर्वांत तयार असतो, आणि ‘व्हतं’ हेच बरोबर असे वर्गाला तोच सांगतो. त्या दिवशी त्याच्याकडे पाहून कोणी हसत नाही.

बोली जशी ऐकली तशी लिहावी, की पुस्तकी मराठीत आणावी, यावर शिक्षकांत मतभेद होतील. ओवी बोलीतच लिहावी आणि तिचा अर्थ खाली प्रमाण भाषेत मुलांनी स्वतः लिहावा, हे उत्तम. त्यायोगे मुलाला एकाच बैठकीत दोन्हींची सवय होते, आणि अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी घरी बोलणे म्हणजे चुकीचे बोलणे अशी जी भीड मुलांच्या मनात बसते, ती हळूहळू निघते.

वहीनंतर कळफलक. देवनागरी टंकलेखन हा अक्षरांच्या घडणीचा फार चांगला पाठ आहे, हे अजून पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. कागदावर ‘हिरवा’ लिहिताना मूल वेलांटी आधी काढते. संगणकावर मात्र ‘ह’ आधी आणि वेलांटी नंतर द्यावी लागते, म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने. जुन्या टंकयंत्रावर काम केलेल्या कचेरीतील मंडळींना आठवेल की, तेथे वेलांटीची कळ पहिली दाबावी लागे! ‘क्ष’ हे एकच अक्षर समजणाऱ्या मुलाला ते ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून होते, हे पडद्यावर घडताना दिसते. ‘डोंगर-दऱ्या’ लिहावयास जावे आणि उमटावे ‘दर्या’, म्हणजे समुद्र! ‘आचाऱ्यास’ बोलवावयाचे तर ‘आचार्यास’ निमंत्रण जाते. ‘र’ आणि ‘ऱ’ ही निराळी अक्षरे का ठेवली आहेत, हे व्याकरणाच्या तासाला सांगून कळत नाही ते अशा एका चुकीने कळते.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. ओवी गळ्यावर बेतलेली असते, तिला मात्रांचे कडक बंधन नसते. त्यासाठी पाठ्यपुस्तकातील मात्रावृत्तातील कविता घ्यावी. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, अशी टाळीवर मोजणी झाली की चुकीची वेलांटी कानाला खटकू लागते. शुद्धलेखनाच्या नियमांनी वृत्तासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे, हेही आठवीच्या मुलांस जरूर सांगावे. नियम कोठे सैल होतो हे कळले की नियमाची भीती कमी होते.

बोललेले आपोआप लिहून देणारी सोय आता फोनमध्येच असते. तिला वर्गाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. पण तिला शेवटी आणावे, पहिल्यांदा नव्हे. मुलांनी ओवी स्वतः लिहून झाल्यावर तीच ओवी यंत्राला ऐकवावी आणि यंत्राने काय लिहिले ते फळ्यावर मांडावे. प्रमाण भाषेला सरावलेले यंत्र बोलीतल्या शब्दांशी गडबडते, कोठे भलताच शब्द घालते. त्या चुका शोधताना वर्गाला आपल्या लेखनाची किंमत समजते. आधीच यंत्राकडून लिहवून घेतले तर मुलाच्या हाती नकल तेवढी उरते. आणि नकल तर तो आजही उत्तम करतो.

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, २०१७ साली ‘दीक्षा’ व्यासपीठ सुरू झाले, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना याच वाटेवरील कामासाठी २०२० साली ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. ही सामग्री मोलाची आहे. परंतु तिचा प्रवाह वरून खाली येणारा आहे. मूल ती घेते. ओवीच्या कामात मूल काहीतरी देते. दोन्ही हवे, आणि दुसऱ्याची सध्या फार उणीव आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी मुलांकडून कविता म्हणवून घ्यावी, तिचे चित्रीकरण वरच्या कार्यालयास पाठवावे आणि मग ते कोणी पाहू नये, एवढ्याने ती भरून निघणार नाही.

पंचायतीचा वाटा

यासाठी मोठा निधी लागत नाही. शाळेतील एक संगणक चालू स्थितीत हवा, विजेचे बिल भरलेले हवे. भारतनेटची तार पुष्कळ गावांत पंचायतीच्या कचेरीपर्यंत येऊन थांबली आहे. ती तेथून शाळेपर्यंत नेण्याचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात मांडता येतो. मांडण्याआधी एका शिक्षकाने सभेस येऊन तिचा उपयोग काय होणार हे सांगावे, आणि सभासदांनी त्यास विचारावे. नुसती तार नेऊन पाटी लावण्याचे प्रकार पूर्वी झालेले आहेत.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. सभेत या स्त्रिया बहुधा गप्प असतात, सही किंवा अंगठा करतात. ओव्यांचे काम त्यांच्यापासूनच सुरू करावे. कोणत्या वस्तीवर कोण गाते, कोणाचा गळा अजून चांगला आहे, कोणाला ऐकू येत नाही म्हणून जवळ बसून विचारावे लागेल, हे त्यांना ठाऊक असते, मुख्याध्यापकांना नसते.

लिहिलेला मजकूर युनिकोडमध्येच असावा. निराळ्या खासगी फाँटमध्ये लिहिलेले हस्तलिखित अंक दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात, आणि दोन वर्षांत काम मातीमोल होते. एक छापील प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवावी. १९६७ च्या कायद्याखाली चालणाऱ्या या ग्रंथालयांकडे गावात लिहिलेले असे सहसा काही नसते.

एक गोष्ट मात्र घाईने करू नये. ओवी ही पुष्कळदा एकांतातली असते. जात्यापाशी ऐकणारे कोणी नाही म्हणून सासूचा जाच, नवऱ्याचा मार, गेलेले मूल, हे सारे तिच्यात आलेले असते. नातवंडांपुढे बाई ते गाऊन जाते. पण तेच तिच्या नावानिशी गावच्या ग्रंथालयात जावे, असे तिला वाटेलच असे नाही. फोनवरचे ध्वनिमुद्रण क्षणात गावभर फिरते, हे मुलांना ठाऊक असते, तिला नसते. म्हणून ध्वनिमुद्रण गटाबाहेर न पाठविण्याचा नियम प्रथम करावा. वही पुरी झाली की मुलांनी ती घेऊन पुन्हा त्या घरी जावे आणि पहिल्या पानापासून तिला वाचून दाखवावी. एखादा शब्द असा नव्हे, असे ती म्हणाली तर तेथेच दुरुस्त करावा; नाव कसे लिहावयाचे, माहेरचे की सासरचे, की लिहूच नये, हे तिला विचारावे. जी ओवी नको असे ती म्हणेल, तिचे पान वहीतून काढून तिच्या हाती द्यावे.