कोरियाची रेघ: अर्धा तास आणि त्याआधीची पन्नास वर्षं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की के-ड्रामा बघतो, बीटीएस ऐकतो, पण कोरिया दोन का आहेत हे काही कळत नाही. तर आज तेच.

रीलवर सांगतात ती गोष्ट आधी. १० ऑगस्ट १९४५ ची रात्र, वॉशिंग्टन. जपान शरण येणार हे दिसतंय. रशियाने दोन दिवसांपूर्वी युद्धात उडी घेतलीय आणि त्यांचं सैन्य कोरियाच्या उत्तर टोकाकडे सरकतंय. अमेरिकेची सगळ्यात जवळची फौज? सहाशे मैल लांब, ओकिनावात. दोन कर्नलना बाजूच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, कोरियात आपला भाग कुठपर्यंत ते ठरवा. वेळ अर्धा तास. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील. समोर नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा. सोल आपल्या बाजूला यायला हवं, एवढीच अट धरून त्यांनी ३८ वा अक्षांश निवडला. हाच रस्क पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला.

गंमत म्हणजे स्टॅलिनने हे निमूटपणे मान्य केलं. अमेरिकन सैनिक कोरियात उतरले ते थेट ८ सप्टेंबरला. तोवर रशियाला अख्खा देश घेता आला असता.

गोष्ट खरी आहे. पण इथेच थांबलो तर वाटतं, दोन झोपाळलेल्या अधिकाऱ्यांमुळे सगळा घोळ झाला. तसं नाहीये. कोरिया वाटून घ्यायची भाषा त्याआधी पन्नास वर्षं चालू होती.

नकाशा उघडा फोनवर. चीन, रशिया आणि जपान यांच्या मधोमध हा जमिनीचा तुकडा. १८९४-९५ मध्ये चीन आणि जपान लढले, ते मुख्यतः कोरियावर वचक कुणाचा यावरून. चीन हरला. मग रशिया आला. १८९६ मध्ये जपानने रशियाला सुचवलं की उत्तर तुम्ही बघा, दक्षिण आम्ही बघतो. रशियाने तेव्हा नकार दिला. १९०३ मध्ये उलटं झालं: रशिया म्हणाला, ३९ व्या अक्षांशाच्या वरचा भाग तटस्थ ठेवू. आता जपानला ते पटेना. १९०४-०५ ला युद्ध, रशियाचा पराभव, आणि १९१० मध्ये जपानने कोरिया गिळलाच. रस्कने नंतर लिहिलं की जुन्या वाटाघाटी माहीत असत्या तर आम्ही बहुतेक दुसरी रेघ निवडली असती. रेघ बदलली असती हो, पण टेबलाभोवतीची माणसं?

कारण एकाही बैठकीत कोरियन माणूस नव्हता. १९४३ मध्ये कैरोला रूझवेल्ट, चर्चिल आणि चँग कै-शेक यांनी जाहीर केलं की कोरिया 'यथावकाश' स्वतंत्र होईल. यथावकाश! म्हणजे ऑफिसमध्ये 'नंतर बघू' म्हणतात ना, ते.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. जपानने धरणं आणि मोठे कारखाने बहुतांशी उत्तरेत उभारले होते. भातशेती आणि जास्त लोकसंख्या दक्षिणेत. म्हणजे एकच सिस्टिम, आणि तुम्ही मधून वायर कापली. अक्षरशः कापली: मे १९४८ मध्ये उत्तरेने दक्षिणेची वीज बंद केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिणेत एक सरकार, सप्टेंबरमध्ये उत्तरेत दुसरं, आणि दोघांचा दावा अख्ख्या कोरियावर.

कोरियन लोक नुसते प्यादी होते असंही मी म्हणणार नाही. सिंगमन री उत्तरेवर चाल करायची भाषा उघड करत होता. किम इल-सुंग स्टॅलिनकडे परवानगीसाठी मागे लागला होता. १९५० च्या सुरुवातीला ती मिळाली, माओचाही होकार घ्यायच्या अटीवर. २५ जून १९५० ला युद्ध पेटलं. लाखो माणसं मेली. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, शांतता करार आजतागायत नाही. आणि त्या शस्त्रसंधीवर दक्षिण कोरियाची सहीच नाहीये.

आणखी एक, क्विझमध्ये चुकतं ते: आजची सीमा म्हणजे ३८ वा अक्षांश नाही. युद्ध थांबलं तेव्हा फौजा जिथे होत्या तिथली ती वाकडी रेघ आहे. केसाँग शहर युद्धाआधी दक्षिणेत होतं, आज उत्तरेत आहे. सोक्चोचं नेमकं उलटं. म्हणजे कुणी घर न सोडता देश बदलला.

आपला संबंध? आहे, आणि थेट कोल्हापूरचा. मायदेशी परत जायला नकार देणारे हजारो युद्धकैदी सांभाळायला भारताची फौज गेली होती. तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. त्यातल्या ८८ जणांना उत्तर नको होतं, दक्षिण नको होतं, चीन नको, तैवानही नको. ते भारतीय फौजेबरोबर जहाजाने इकडे आले. त्यांचं पुढे काय झालं, ते पुढच्या भागात.