परभाषेतले पहिले वर्ष

मातृभाषा आपल्याला केव्हा आणि कशी आली, हे कोणालाही सांगता येत नाही. परभाषेचे तसे नसते. तिचा पहिला दिवस, तिच्यातली पहिली चूक आणि त्या चुकीला हसलेला पहिला माणूस जन्मभर लक्षात राहतो. चांगले शहाणेसुरते माणूस परभाषेच्या वर्गात पाऊल टाकताच दोन वर्षांचे मूल होते. फरक इतकाच की, आपले हसे होत आहे हे मुलाला कळत नाही. याला ते पुरते कळत असते.

कराडची एक मुलगी बारावीनंतर जपानी शिकण्यासाठी दिल्लीस गेली. अशा मुली आता महाराष्ट्रातल्या लहान गावांतूनही निघू लागल्या आहेत. तेव्हा हिचे नाव सांगण्याचे कारण नाही. वडील एस. टी.त वाहक. जपानी शिकण्यासाठी पुणे काही दूर नव्हते आणि तेथील जपानीचे वर्गही जुने आहेत. परंतु १९६९ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ही भाषा घेऊन बी. ए. होता येते, फी अल्प आणि राहण्यास वसतिगृह, असे कळल्यावर अण्णांनी पाठीवरच्या कागदावर हिशेब मांडला आणि दिल्लीचे तिकीट काढले.

विद्यापीठ अरवलीच्या खडकाळ माळावर आहे. बाभळीची झाडी, मोर आणि संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या नीलगाई. येथल्या वसतिगृहांना नद्यांची नावे दिली आहेत. गोदावरी, ताप्ती, कोयना आणि चंद्रभागाही! चंद्रभागा हे पंजाबातील चिनाबचेही जुने नाव आहे. पण मराठी माणसाच्या मनात तो संशय येत नाही. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेल्या मुलीने कोयनेची पाटी वाचून घरी फोन केला. “कोयना दिल्लीला कधी पोचली ग?” एवढेच आई म्हणाली. खोली मात्र मुलीला दुसऱ्याच नदीकाठी मिळाली.

जपानीचा वर्ग सुरू होण्यापूर्वीच तिला एक भाषा शिकावी लागली. ती म्हणजे हिंदी. हिंदी आपल्याला येते, ही मराठी माणसाची समजूत महाराष्ट्रातच टिकते. मराठीतला मोठा आवाज दिल्लीत स्त्रीलिंगी होतो. पुस्तक नपुंसकलिंग सोडून स्त्रियांच्या पंक्तीत बसते. भोजनगृहातल्या वयस्क वाढप्याला तिने मायेने ‘तू’ म्हटले. आईलाही ‘तू’च म्हणतात की! त्याचा चेहरा उतरलेला पाहून शेजारच्या मुलीने तिला हळूच कोपर मारले. तो दिवसभर ती कोणाशी बोलली नाही.

या पार्श्वभूमीवर जपानी भाषा तिला प्रारंभी फारच दयाळू वाटली. नामांना लिंग नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी, मराठीसारखे. विभक्तीचे काम करणारे शब्द नामाच्या मागून येतात. ‘वाताशि नो होन’ म्हणजे माझे पुस्तक, त्यातला ‘नो’ हा आपला ‘चा-ची-चे’. इंग्रजी शिकताना वाक्य उलटे करावे लागते, तसे येथे काहीच करावे लागत नाही. आणि वर्णमाला तर ओळखीची निघाली. हिरागाना या लिपीची मूळ अक्षरे शेहेचाळीस. त्यांचे स्वर आ, इ, उ, ए, ओ याच क्रमाने येतात. आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम आपल्या कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य या क्रमाचाच वंशज आहे. ‘सा’ हा ‘च’च्या जागी बसला आहे, आणि आज ज्याचा ‘हा’ झाला त्याचा उच्चार प्राचीन काळी ‘पा’ असा होता, हे ध्यानात घेतले की कोडे उलगडते.

हे घडले ते बौद्ध भिक्षूंमुळे. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानात पोचला; नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी ७५२ साली त्याच्याच हस्ते झाला. पुढे ८०४ साली कूकाई हा जपानी भिक्षू चीनमध्ये गेला, प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडितापाशी संस्कृत शिकला आणि दोन वर्षांनी सिद्धम् लिपीतले ग्रंथ घेऊन परतला. त्या लिपीच्या अध्ययनातून अकराव्या शतकाच्या सुमारास जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला. परक्या देशात, परक्या गुरूपुढे बसून अक्षरे गिरवणाऱ्या एका विद्यार्थ्याचे हे ऋण कराडच्या मुलीला बाराशे वर्षांनी असे उपयोगी पडले.

दयाळूपणा चिनी चित्राक्षरांपाशी संपला. नित्य वापरासाठी जपानी सरकारने ठरविलेली ही अक्षरे २१३६ आहेत, आणि बहुतेकांचे उच्चार एकाहून अधिक. डोंगराचे चिन्ह एकटे असले की ‘यामा’, फुजीच्या नावामागे आले की ‘सान’. आपल्याकडे हात आणि हस्त हे दोन्ही शब्द एकाच चिन्हाने लिहिले असते, आणि ‘हातमाग’ की ‘हस्ताक्षर’ हे पाहून वाचणाऱ्याने उच्चार ठरविला असता, तर जसे झाले असते तसे हे आहे. देशी शब्द आणि संस्कृत शब्द एकाच घरात नांदविण्याची मराठीला सवय आहे. जपानीनेही चिनीशी असाच संसार केला. हे कळले म्हणून पाठांतर कमी झाले असे नाही. रात्री अकरापर्यंत चौकटीच्या वहीत एकेक अक्षर पन्नास पन्नास वेळा लिहावे लागे.

ऱ्हस्व-दीर्घाने तर तिची फजितीच केली. ‘ओजिसान’ म्हणजे काका, ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. मराठी माणूस ऱ्हस्व-दीर्घ शुद्धलेखनापुरते पाळतो. जिभेने पाळीत नाही. वर्गात तिने कित्येक काकांना म्हातारे केले.

मात्र खरी अडचण याहून निराळी होती. ती व्याकरणाची नव्हती. परक्यापुढे आपल्या वडिलांविषयी बोलताना जपानी माणूस ‘चिचि’ म्हणतो, आईला ‘हाहा’. ऐकून वर्ग हसला. तीही हसली, पण तिला तो शब्द उच्चारवेना. दुसऱ्याच्या वडिलांना ‘ओतोऽसान’ असा मानाचा शब्द आहे. ते ‘येतात’ तेव्हा ‘इराश्शारु’ हे आदराचे क्रियापद येते. स्वतःचे वडील मात्र ‘माइरु’ या क्रियापदाने येतात, ज्याने नम्र माणूस स्वतःचे येणे सांगतो. मराठी घरात ‘अण्णा आला’ असे कोणी म्हणेल काय? पहाटे पाचच्या गाडीवर जाणाऱ्या, कनवटीचे पैसे मोजून तिला दिल्लीस पाठविणाऱ्या माणसाचा मान चारचौघांत काढून घ्यायचा? चाचणीत तिने नियम ठाऊक असूनही वडिलांना मानाचे क्रियापद लावले. गुण गेले. पुढच्या चाचणीतही तिने तेच केले.

तिच्या अध्यापिका दिल्लीच्याच होत्या. त्या रागावल्या नाहीत. जुन्या दिल्लीचा माणूस स्वतःच्या घराला गरीबखाना म्हणतो आणि समोरच्याच्या झोपडीलाही दौलतखाना म्हणतो, हे त्यांनी तिला सांगितले. तुमच्या मराठीत असे काही नाही का, असे विचारले. मुलगी थोडी थांबून म्हणाली, “आहे. घरी पुरणपोळी असली तरी पाहुण्याला मीठभाकर खायला या म्हणतात.” अध्यापिकांनी एवढेच म्हटले की, जपानी माणूस वडिलांना त्या मीठभाकरीत धरतो. मुलीला ते पटले. तिने गुण मिळविले. पण शब्द जिभेवर जडच राहिला.

नव्या भाषेत रुळणे म्हणजे शब्दसंग्रह वाढणे नव्हे. ती आपली माणसे वेगळ्या जागी बसवते, आणि ते सोसावे लागते. कोणाला ते लवकर साधते, कोणी पहिल्याच वर्षी गाठोडे बांधून परत जातो. एरवी आशेला जागा होती. १९८३ साली गुडगावात मारुतीची पहिली गाडी तयार झाली, तेव्हापासून जपानी उद्योगांनी राजधानीच्या परिसरात पाय रोवले आहेत आणि दुभाष्यांना तेथे मागणी आहे. जुलै आणि डिसेंबरमध्ये जपानीच्या पाच पायऱ्यांची परीक्षा होते; जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी जपानात नेणारी तेथील सरकारची शिष्यवृत्तीही आहे. साहित्याची ओढ असली तर तोही धागा जवळच आहे. मराठीत हायकू रुजविला शिरीष पै यांनी. हिंदीत त्याचा प्रसार करणारे सत्यभूषण वर्मा हे याच विद्यापीठात जपानीचे प्राध्यापक होते.

जानेवारीच्या थंडीत अण्णा चार दिवसांची रजा काढून आले. अंगात कानटोपीसह होते नव्हते ते सगळे. मुलीने त्यांना मेट्रोने फिरविले. ही रेल्वे जपानच्या कर्जसाहाय्याने उभी राहिली हे सांगितले, तेव्हा त्यांनी तिकिटाची व्यवस्था वाहकाच्या नजरेने न्याहाळली. लजपतनगरला जपान फाउंडेशनचे ग्रंथालय आहे. तेथे विद्यार्थ्यांशी संभाषणाचा सराव करणाऱ्या एक जपानी बाई नेमक्या भेटल्या. अण्णांनी कानटोपी काढून हात जोडले. ओळख करून देणे भाग होते. मुलीने श्वास घेतला आणि म्हणाली, “चिचि देसु.”

बाई कमरेत वाकल्या, बऱ्याच खाली. “ओतोऽसान,” असे म्हणून पुढे त्या दोन वाक्ये बोलल्या. त्या वाक्यांत एकही क्रियापद आदरावाचून नव्हते.

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारले, “काय म्हणाल्या बाई?”

“म्हणाल्या, अण्णा एवढ्या लांबून आलेत, फार आनंद झाला.”

अण्णांनी कानटोपी पुन्हा चढविली, आणि दोघे मेट्रोच्या स्टेशनाकडे चालू लागली.